बोट लागू नये म्हणून

बाणेर, पुणे
रविवार, रात्र

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

एकाच गावात राहून पत्र कसलं लिहितेस, असं आई म्हणणार. पण बाणेरहून सदाशिव पेठेत फोन लावला की तो लगेच स्पीकरवर जातो, तुम्ही दोघं एकदम बोलायला लागता, मागे कुकरची शिट्टी होते आणि माझं सांगणं राहून मी जेवले का याचीच चौकशी होते. कागदावरचं मात्र बाबा पेन हातात घेऊन वाचतात, शुद्धलेखनाच्या चुका काढायला का होईना. म्हणून हा खटाटोप.

दादानं क्रूझचं तिकीट काढलं, फार छान केलं. मुंबई, गोवा, लक्षद्वीप आणि परत. त्यात तुम्हाला बोट लागू नये, म्हणजे मळमळ-उलट्या होऊ नयेत, एवढ्याचसाठी हे पत्र. पण खोली घेतली ती वरच्या मजल्यावरची, पार पुढच्या टोकाची, बाल्कनीवाली. का, तर देखावा दिसतो. पेशवे पार्कातला सीसॉ आठवा. टोकाला बसलेलं पोर खालीवर आपटत असतं, मधल्या दांड्यापाशी उभं असलेलं जागचं हलत नाही. जहाजाचं तसंच आहे. सगळ्यात कमी हलतो तो मधला भाग, आणि तोही खालच्या मजल्यांवरचा. मी दादाशी भांडून खोली बदलून घेतली. आता मधोमध आहे, खाली आहे, बाल्कनी नाही पण मोठी खिडकी आहे. बाबा, ही खोली स्वस्तही पडली, त्यामुळे तुमची हरकत नसावी.

मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखी पाती असतात. त्यांनी डावीकडून उजवीकडे डोलणं बरंच कमी होतं. पुढचं टोक लाटेवर चढतं आणि खाली येतं, त्याला मात्र ती पाती फारशी आवरत नाहीत. तुम्ही जानेवारीत चालला आहात, तेव्हा समुद्र पावसाळ्यासारखा खवळलेला नसणार. कोकणच्या आगबोटीसुद्धा पावसाळ्यात बंदच असायच्या. तरी आजी सांगायची ना, भाऊचा धक्का येईपर्यंत निम्मी बोट आडवी पडलेली असायची!

आता बाबांचं "मला काही लागत नाही." बाबा, तुम्हाला वरंधा घाटात कधी काही झालं नाही हे खरं, पण तेव्हा स्टिअरिंग तुमच्या हातात असायचं. वळण येणार हे गाडी चालवणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, शरीर त्या बेतानं तयार असतं, म्हणून चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही. मागे बसलेल्यांचे हाल होतात. जहाजावर तुम्ही मागे बसलेले असणार आहात.

मूळ भानगड कान आणि डोळे यांच्यातली आहे. आतल्या कानात तोल सांभाळणारं यंत्र असतं, ते मेंदूला कळवतं की आपण हलतोय. बंद खोलीत डोळ्यांना मात्र भिंत, पलंग, टेबल सगळं स्थिर दिसतं. दोघांची साक्ष जुळत नाही आणि त्याची शिक्षा पोटाला. ज्यांच्या कानातलं ते यंत्रच निकामी झालेलं असतं त्यांना बोट लागत नाही. म्हणून बरं वाटेनासं झालं की खोलीत कोंडून घ्यायचं नाही, वर मोकळ्यावर जायचं आणि क्षितिजाची रेघ बघत बसायचं. रेघ दिसली की डोळ्यांनाही हलणं कळतं आणि भांडण मिटतं. वर जाणं जमलंच नाही, तर आडवं होऊन डोळे मिटायचे, डोकं उशीत नीट टेकवून. शब्दकोडं आणि मोबाईल त्या वेळी बंद. बाबा, हे तुमच्यासाठी अधोरेखित समजा.

आई, आता तुझं. लहानपणी महाडला जाताना एसटीत तू पुढच्या बाकावर बसायचीस. गालात आमसूल, मुठीत चुरगळलेलं लिंबाचं पान, आणि ते नाकाशी धरून सरळ रस्त्याकडे बघत राहायचीस. मला वाटायचं तुला लिंबाचा वास आवडतो. एकदा घाटाखाली गाडी थांबली, तू उतरून झाडामागे गेलीस, तोंड धुऊन परत आलीस आणि आम्हाला शेंगदाण्याचा लाडू दिलास. काही बोलली नाहीस. मला ते कळायला माझी स्वतःची पोरं व्हावी लागली. जहाजावर हे चालणार नाही. जांभया यायला लागल्या, तोंडाला पाणी सुटलं, कपाळाला गार घाम आला की तेव्हाच बाबांना सांगायचं. उलटीची वाट बघायची नाही.

गोळ्यांबद्दल गुरुवारी तुमच्या डॉक्टरांना भेटून आले. त्यांनी आधी दोनच गोष्टी विचारल्या: कोणाला काचबिंदू आहे का, आणि बाबांच्या प्रोस्टेटचं काय. प्रवासात लागण्यावरच्या जुन्या गोळ्या, एव्होमिन किंवा स्टुजेरॉनसारख्या, झोप आणतात, तोंड कोरडं करतात. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची यातल्या काही गोळ्यांनी लघवी अडू शकते. समुद्रात मध्यभागी ती अडली तर काय होईल याची कल्पना करा. म्हणून बाबांना गोळी नाही. आई, काचबिंदूसाठी तुझे डोळे मागच्याच महिन्यात तपासून झालेत, डोळ्यांचा दाब ठीक आहे, म्हणून तुला दिली आहे. किती आणि कधी ते डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलंय, चिठ्ठी पाकिटालाच टाचली आहे. तुझी गोळी बाबांनी घ्यायची नाही, अगदी "अर्धी घेऊन बघतो" म्हणूनही नाही. त्यातली एक या आठवड्यात घरीच घेऊन बघ, किती गुंगी येते ते कळेल. जहाजावर रात्री बाथरूमला उठताना तोल गेला तर उलटीपेक्षा ते महागात पडेल. त्या दिवसांत झोपेची गोळी अजिबात नको.

शेजारच्या काकूंनी अमेरिकेहून आणलेली, बोट लागू नये म्हणून कानामागे लावायची औषधाची पट्टी दिली आहे ना, ती त्यांना परत कर. ती तीन दिवस चालते, गुणकारी आहे, सगळं मान्य. पण आपल्या वयाच्या माणसांना, म्हणजे तुमच्या, तिनं भ्रम झाल्यासारखं होऊ शकतं. पट्टीला लागलेलं बोट चुकून डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसायला लागतं. आणि बाबा, उलटी म्हटली की केमिस्ट हल्ली सर्रास देतात ती ऑन्डान्सेट्रॉनची गोळी बोट लागण्यावर फारशी उपयोगाची नाही, त्यामुळे तुमच्या औषधांच्या डब्यातलं त्या गोळ्यांचं जुनं पाकीट घरीच राहू द्या.

गोळी वेळेवर घ्या असं मी इतकं का घोकतेय, तर अंदमान. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला जाताना मी पर्समध्ये गोळी असूनही घेतली नव्हती, "बघू, लागली तर घेऊ" म्हणून. एसी बोट, बंद काचा, सकाळी भरपेट पोहे. बंदर सुटून अर्धा तास झाला नसेल, पोटात ढवळायला लागलं. तेव्हा घाईघाईनं गोळी घेतली. ती पाच मिनिटांत पोह्यांसकट कागदी पिशवीत आली. एकदा मळमळ सुरू झाली की पोटाचं काम मंदावतं, वरून टाकलेली गोळी पुढे सरकतच नाही. ती आधीच घेतलेली असावी लागते. आपले हे तर माझ्या पाठीवर हात फिरवत शांतपणे सामोसा खात होते. त्यांना अजून माफ केलेलं नाही.

खाण्याचं म्हणाल तर उपाशी राहू नका आणि बुफेवर तुटूनही पडू नका. पैसे वसूल करायची ही जागा नव्हे. पहिला दिवस दहीभात, टोस्ट, खारी, इडली असं थोडं थोडं खा. बाकरवडीचा पुडा सामानात दिसला तर मी काढून घेणार आहे. आलेपाक मात्र घेतला आहे. आल्यानं काहींना खरंच बरं वाटतं, आणि नाही वाटलं तरी आलेपाक आलेपाकच असतो. पण आई, तो साखरेचा आहे हे लक्षात ठेव, दिवसाला एकच वडी. मनगटावर बांधायचे ते पट्टे मी आणले नाहीत, त्यांचा अनुभव कोणाला चांगला, कोणाला काहीच नाही. बाबांच्या माहितीसाठी: डार्विन 1831 ते 1836 बीगल जहाजावर होता आणि शेवटपर्यंत त्याला बोट लागत राहिली. मनुका तेवढ्या त्याच्या पोटात टिकायच्या. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत रुळतं, त्याचं बिचाऱ्याचं रुळलंच नाही.

उलट्या झाल्याच तर घोट घोट पाणी, आणि एक लिटर पाण्यात एक पाकीट ओआरएस. चार पाकिटं ठेवली आहेत. आई, पोटात काही टिकत नसेल तर शुगरच्या गोळ्या नेहमीसारख्या घ्यायच्या नाहीत. आधी शुगर बघायची आणि जहाजावरच्या डॉक्टरांना विचारायचं. शुगर बघायचं यंत्र आणि त्याच्या नव्या पट्ट्या तुझ्या हिरव्या पर्समध्ये आहेत.

हे सगळं एकीकडे, आणि पुढचं दुसरीकडे. प्रत्येक मळमळ बोटीची नसते. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, धाप, अंगभर दरदरून गार घाम, यातलं काहीही मळमळीबरोबर आलं तर "बोट लागली असेल" म्हणून पडून राहायचं नाही. मधुमेह असला की हार्ट अटॅक कधी कधी छातीत न दुखता नुसत्या घामानं आणि मळमळीनं येतो. एकदम जोराचं डोकं दुखलं, बोलताना जीभ अडखळली, तरी तेच. लगेच खोलीतला फोन उचलायचा. जुलाब आणि ताप असेल तर तो पोटाचा संसर्ग, तेव्हाही डॉक्टर. पैसे किती घेतील याचा हिशोब तेव्हा करायचा नाही, विमा काढलेला आहे.

लक्षद्वीपला मोठं जहाज बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. ती होडी जहाजापेक्षा जास्त हलते. उतरताना खलाशाचा हात धरा. बाबा, तुम्हीसुद्धा.

परत आल्यावर एक-दोन दिवस घरातली फरशी डोलतेय असं वाटेल. घाबरू नका, त्यातून आपोआप बाहेर पडता, पण न्हाणीघरात भिंतीला धरून चाला. मुंबईहून तुम्ही शिवनेरीनं येऊ नका. मी गाडी घेऊन बॅलार्ड पिअरला येते. आई पुढे बसेल.

शनिवारी सामान भरायला येतेय. तोवर बॅगा बंद करू नका.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, बाल्कनीच्या खोलीत आणि या खोलीत किती फरक पडला हे दादाला विचारू नका. उरलेले पैसे त्यानं विम्यात घातले आहेत.