ताई, तुम्ही आमचा केर टाकू दिला नाहीत

ताई, आणि तुमच्यासोबत आलेले दोघे दादा, नमस्कार. नावं कुठे लिहू नका असं निघताना सांगून गेलात म्हणून लिहीत नाही, पण पत्र लिहिल्याशिवाय राहवेना. आमच्या वाचनालयाचे पुरात भिजलेले जुने कागद दुरुस्त करून तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले आणि अजून कुलूप काढलं की मी आधी ते कागद ठेवलेल्या कपाटाकडेच जातो.

२२ जुलै २०२१ ला पुरात वाशिष्ठी नदी आमच्या वाचनालयात शिरली तेव्हा खालचे दोन रॅक बुडाले. पुस्तकं परत मिळतात हो, कुणी ना कुणी देतं, आम्हालाही मिळाली. पण जुनी इतिवृत्तं, वर्गणीच्या वह्या, देवळाच्या जमाखर्चाची मोडी लिपीतली बाडं, ती जगात एकच. आम्हाला काय कळतंय, आम्ही सगळं अंगणात कडक उन्हात वाळत घातलं, वह्या पापडासारख्या वाकड्या झाल्या आणि चिखलाने पानाला पान चिकटलं ते चिकटलंच.

मग लोक येऊन गेले. एक साहेब फोटो काढून गेले, प्रस्ताव पाठवा म्हणाले, आम्ही तीन पाठवले, एकाचंही उत्तर नाही. दुसरे म्हणाले मोबाईलवर स्कॅन करा आणि ओरिजिनल रद्दीत द्या, वास येतोय. आणि ज्यांनी खरंच काम अंगावर घेतलं त्यांनी एका वहीची वीस पानं लॅमिनेट करून आणली, वर बिल. तुम्ही ती पानं उजेडात धरलीत आणि एवढंच म्हणालात की आता हे प्लॅस्टिक कागदाला धक्का न लावता निघणं अवघड आहे. त्या माणसाबद्दल एक वाकडा शब्द नाही. मी मात्र बोललो, आणि अजून बोलतो, कारण ती वीस पानं आमच्या आजोबा-पणजोबांची होती.

तुम्ही पाच दिवसांत काय काय केलंत ते सगळं मला सांगताही येणार नाही. गव्हाच्या सत्त्वाची खळ, तो फुंकर मारली तर उडेल असा जपानी टिश्यू कागद, डांबरगोळ्या बाहेर, सेलोटेप बाहेर, वह्या धुतलेल्या सुती कापडात. पण मला आठवत राहते ती दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. आमचे शिपाई काका टेबलाखालून झाडून सुपली घेऊन बाहेर निघाले आणि तुम्ही हातातलं काम सोडून उठलात, "काका थांबा, केर टाकू नका." आणि मग तुम्ही जमिनीवर बसलात, पांढरा कागद पसरलात, त्यावर तो केर ओतून घेतलात, आणि धूळ, केस, वाळवीची माती यातून चिमट्याने एक एक कपटा वेगळा करत पाऊण तास बसलात. काका रिकामी सुपली धरून तसेच उभे. अकरा कपटे निघाले, काही तर नखाएवढेही नाहीत. लिफाफ्यात घालून वर पेन्सिलीने तारीख आणि कुठल्या टेबलाखालचे ते लिहिलंत.

त्यातले चार तिसऱ्या दिवशी जागेवर बसले. एकावर नुसती एक उभी रेघ होती, मी तर डाग समजलो असतो, तुम्ही म्हणालात ही पाव रुपयाची खूण, म्हणजे चार आणे. वर्गणीच्या वहीत एका बाईंच्या नावापुढची जागा फाटलेली होती तिथे ती रेघ बसली. त्या बाईंनी वाचनालयाला चार आणे दिले होते ताई, आणि ते आम्ही केरात टाकत होतो. हे लिहितानाही गळा भरून येतोय.

इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव वणवण करून जुने कागद मिळवले, १८९८ पासून पुढे त्यांचे बावीस खंड छापले, हे आम्ही लहानपणापासून ऐकलंय. पण आजच्या काळात कुणी एसटीने पेटी घेऊन आमच्यासारख्या आडगावात येईल असं वाटलं नव्हतं. पुण्याला नेतो म्हणाला असतात तर आम्ही डोळे झाकून दिलं असतं सगळं. तुम्ही उलट म्हणालात, इथली वही इथेच राहू दे, सांभाळायचं कसं ते शिकून घ्या. आम्हाला कुणी इतक्या विश्वासाने काही दिलं नव्हतं आजवर. माणुसकी म्हणजे वेगळं काय असतं, समोरच्याच्या केराकडेसुद्धा नीट बघायचं एवढंच ना.

पावसाच्या आत सगळं माळ्यावर हलवतोय, भिंतीपासून लांब, तुम्ही दाखवलंत तसं. उरलेले सात कपटे लिफाफ्यात जपून आहेत. काका आता रोज संध्याकाळी केर आधी मला आणून दाखवतात. आणि तुम्ही त्यांना दिलेला मऊ ब्रश पाण्याने धुतला तर चालेल का असं ते विचारतायत, तेवढं कळवा.