‘तांबेरामुक्त गहू’ असं हेडिंग देऊ नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या शेतीच्या पानावर गव्हाच्या नव्या वाणाची बातमी आली, हेडिंग होतं ‘तांबेरामुक्त गहू’ (तांबेरा म्हणजे पानाखोडावर पुटकुळ्या आणणारा बुरशीचा रोग), आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या ग्रुपवर तिचा फोटो फिरायला लागला की आता फवारणीची कटकट संपली म्हणून. वाणाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, चांगलाच असेल. पण तो ‘मुक्त’ शब्द खटकला म्हणून लिहितोय. पत्र थोडं लांबेल, काटछाट करा हवी तर, फक्त जीनचा भाग तेवढा ठेवा.

तांबेऱ्याला अडवणारे जीन गव्हात ढोबळमानाने दोन तऱ्हेचे असतात. पहिली तऱ्हा म्हणजे वॉचमन. बुरशीचं एखादं ठराविक प्रोटीन ओळखलं की पानाच्या तेवढ्याच पेशी स्वतःहून मरतात, आणि या बुरशीला जगायला जिवंत पेशीच लागते त्यामुळे ती तिथंच उपाशी मरते, पान एकदम स्वच्छ, शिवारफेरीत पाहुण्यांना दाखवायला झकास. पण हा वॉचमन एकच चेहरा ओळखतो. तांबेऱ्याचे बीजाणू कोट्यवधी, त्यातल्या एखाद्याचं ते प्रोटीन जरा बदललं की वॉचमन त्याला सलाम ठोकून आत सोडतो, मग तोच वाढत जातो. पिकातल्या एका जीनला बुरशीतला एक जीन जोडीला असतो हे अमेरिकेत फ्लोर नावाच्या शास्त्रज्ञाने जवसाच्या तांबेऱ्यावर 1940 च्या दशकातच दाखवलंय, म्हणजे ही काही नवी गोष्ट नाही.

उदाहरण बघा. राय नावाच्या धान्याच्या गुणसूत्राचा एक तुकडा गव्हात आणला गेला, त्यावर तिन्ही प्रकारच्या तांबेऱ्यांना अडवणारे वॉचमन जीन एकदम मिळाले, पानावरच्यासाठी एलआर 26, खोडावरच्या काळ्यासाठी एसआर 31, पिवळ्यासाठी वायआर 9. तीन पक्षी एका दगडात, त्यामुळे जगभर सगळ्यांनी तोच तुकडा वापरला, पंजाब-हरियाणात गाजलेला पीबीडब्ल्यू 343 हा वाण पण त्यातलाच. मग पानावरचा तांबेरा एलआर 26 ला जुमानेना, पिवळा वायआर 9 ला जुमानेना, आणि राहिलेल्या एसआर 31 वर मात करणारी काळ्या तांबेऱ्याची यूजी 99 ही जात युगांडात निघाली, तिचं नावच 1999 वरून पडलंय.

दुसऱ्या तऱ्हेतला नावाजलेला जीन एलआर 34. हा कुणाला ओळखतच नाही, रस्ताच खडबडीत करून ठेवतो. तांबेरा येतो, पण उशिरा येतो, पुटकुळ्या बारीक राहतात, कमी पडतात. रोप लहान असताना याचा विशेष परिणाम दिसत नाही, मोठ्या झाडावरच दिसतो. 2009 मध्ये हा जीन नेमका हाती लागला आणि कळलं की तो वॉचमनच्या घराण्यातला नाहीच, पेशीतून पदार्थ इकडून तिकडे नेणाऱ्या प्रोटीनचा आहे. इतकी वर्षं झाली, मोडला नाही. गंमत म्हणजे एलआर 34 असला की बऱ्याच वाणांत पानाचं टोक वाळतं. आमच्या वडलांनी एकदा अशी टोकं बघून घाबरून दोन फवारण्या केल्या होत्या, दुकानदाराने पण खुशाल औषध दिलं, आणि नंतर एका कृषी पदवीधराने बघून सांगितलं की दादा हा रोग नाही, वाणाचा गुण दिसतोय. ब्रीडर लोक हीच वाळकी टोकं बघून शेतात निवड करायचे!

आता खरी अडचण. पान स्वच्छ ठेवणारा एक वॉचमन जीन वाणात असला की त्याच्यामागे दुसरा आहे का नाही हे नुसतं बघून कळत नाही, म्हणून दोन-तीन जीन एकत्र आणायचे तर डीएनए मार्कर, म्हणजे जीनची खूण, लावून तपासावं लागतं. हे काम होतंय, पण बातमीत त्यातलं एक वाक्य नाही.

आणि तांबेरा आपल्याकडे बाहेरून येतो. उन्हाळ्यात आपल्या रानात गहू नसतो, उन्हाने बीजाणू टिकत नाहीत, तो टिकतो निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरांत आणि तिथून वाऱ्यावर येतो. आग्र्याचे शास्त्रज्ञ के. सी. मेहता यांनी ब्रिटिश काळातच या डोंगरांचा माग काढला होता. म्हणजे तिकडे बुरशीची नवी जात तयार झाली की ती एका गावाला सोडून दुसऱ्या गावाला येणार नाही, आणि अख्ख्या तालुक्यात एकच वाण एकाच जीनवर उभा असेल तर विचारायलाच नको. महाबळेश्वरला गहू गेरवा (म्हणजे तांबेराच) संशोधन केंद्र आहे, स्ट्रॉबेरी खायला जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल?

जाता जाता, आपल्या खपली गव्हाबद्दल. काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखायला अमेरिकेच्या स्टॅकमन या शास्त्रज्ञाने जे 12 गहू निवडले होते त्यात एक खपली होता, आणि एसआर 13, एसआर 14 हे जीन खपलीतूनच आलेत. आपण तिला शुगरवाल्यांचा गहू म्हणून महाग विकतो, बास.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी वाणाची बातमी देताना तो कोणत्या तांबेऱ्याला प्रतिकारक आहे, कोणत्या जीनमुळे आणि एक जीन आहे का जास्त, हे संशोधकांना विचारून छापा. दोन ओळी लागतील. आम्ही तिघं भाऊ यंदा तीन वेगळे वाण पेरणार आहोत, तेव्हा पेरणीच्या आधी छापलंत तर बरं होईल.

एक वाचक, ता. निफाड