सोमवारी सरांना काय सांगायचं?

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

समोर बोलायला बसलं की तू मान खाली घालतेस आणि माझाच आवाज चढतो, म्हणून हे दप्तरात ठेवतेय. खो-खो क्लबच्या सरांना सोमवारी उत्तर द्यायचंय. वर्षभर त्यांच्या फिरत्या संघात जायचं, म्हणजे महिन्यातले तीन शनिवार-रविवार कधी सांगली, कधी पुणे, कधी मुंबई.

तू चांगली खेळतेस, यात मला तिळमात्र शंका नाही. मारुतीच्या देवळापुढे तू खांबाकडे झेपावतेस तेव्हा माझा श्वास अडकतो. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, प्रियांका इंगळेच्या भारतीय संघाने अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, त्या रात्री तुला झोप नव्हती. ते वेड मला मोडायचं नाही गं.

पण सांगलीची फेरी आठव. पहाटे साडेतीनला देवगडातून निघालो. फोंडाघाट चढताना बाळूला दोनदा उलटी झाली, मग तो दोन्ही दिवस मैदानाच्या कडेला वडापाव खात बसून राहिला. मैदानात नऊजणी, बाकीच्या बाहेर. तुझ्या वाट्याला शेवटच्या डावातली काही मिनिटं आली. रविवारी घरी पोचायला रात्रीचे बारा वाजले. नेमकी त्याच दोन दिवसांत हवा ढगाळ झाली, मोहरावर तुडतुडा पडला आणि फवारणी राहिली. बाबा चकार शब्द बोलले नाहीत. सोमवारी संध्याकाळी मी बागेत गेले तर ते एक फांदी खाली ओढून मोहर तळहातावर झटकत होते. सगळा हात चिकट झाला होता.

हे तुझ्या माथी मारत नाही. जायचं आम्हीच ठरवलं होतं. पण आपलं घर बागेवर चालतं आणि मोहरापासून शेवटची पेटी जाईपर्यंत बाग आपल्याला सोडत नाही. हे तू धरून चालायला हवंस, तेरा वर्षांची झालीस आता.

दुसरं, तुझा गुडघा. कणकवलीच्या डॉक्टरांनी त्या दुखऱ्या टेंगळाचं नाव सांगितलं, ऑसगुड-श्लॅटर. वाढीच्या वयात हाडं झपाट्याने वाढतात आणि गुडघ्याखाली कंडरा नडगीला जिथे चिकटतो तिथे ताण बसतो. धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांना होतं, वाढ पुरी झाली की बहुतेक जातं, पण दुखत असताना खेळ कमी करावाच लागतो. तुझ्या खेळात तर चौकोनात बसायचं आणि खो मिळाला की उसळायचं. सगळा भार तिथेच.

मला सगळ्यात जास्त वेगळंच लागून राहिलंय. सांगलीहून आल्यापासून तू संध्याकाळी देवळापुढे गेली नाहीस. मुली दोनदा हाका मारून गेल्या. "दमलेय" म्हणालीस. तू, आणि खो-खोला दमलेय?

म्हणून माझं मत सांगते. यंदा क्लब नको. शाळेकडून तालुका, जिल्हा, मग कोल्हापूर विभाग, मग राज्य ही वाट आहेच. तिच्यासाठी दर आठवड्याला सगळं घर हलवावं लागत नाही. पुढच्या वर्षी गुडघा बरा असला आणि तुला हवं असलं, तर पावसाळ्यानंतर, बागेचं काम वाढायच्या आत, महिन्यातून एक फेरी करून बघू. फीचे पैसे मी बाजूला ठेवलेत, ते मोडणार नाही.

तरीही आत्ताच जायचं असेल तर याच कागदामागे लिही. मग आपण दोघी मिळून सरांना विचारू: प्रत्यक्ष किती खेळायला मिळेल, मुलींसोबत मुक्कामाला कोण असेल, दुखतंय म्हटल्यावर बाहेर बसवतील का. भाकरीच्या डब्याखाली ठेव, बाबा जेवायला यायच्या आत मी वाचेन.

आज पीटीला धावू नकोस. बाईंना चिठ्ठी दिली आहे, कंपासपेटीत बघ.

तुझी
आई