वहिनी, आईचं स्वयंपाकघर तुम्ही परत सुरू केलंत

वहिनी, सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानायला लागलो की तुम्ही "त्यात काय एवढं, मगभर केक तर शिकवला" असं म्हणता आणि मुंबईतल्या पावसाची चौकशी सुरू करता. म्हणून लिहितोय. आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण मुंबई-ठाण्यात माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांचे आईवडील गावी एकटे असतात, आणि चतुर्थीला जाताना हौसेने नेलेला मायक्रोवेव्ह क्रोशाच्या रुमालाखाली नुसता बसून असतो. फार तर दूध गरम होतं त्यात. तुम्ही जे केलंत ते त्या सगळ्यांच्या घरी व्हावं असं मला मनापासून वाटतं.

आईचे हात थरथरतात हे वाडीत सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टरांनी गॅस बंद करायला सांगितला. उकळतं तेल, पेटता बर्नर आणि साडीचा पदर हे सगळं एकत्र नको, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते योग्यच होतं. दोन्ही वेळचा डबा लागला, जेवणाची आबाळ झाली नाही. पण आईचा जन्म गेला तो आल्यागेल्याच्या हातावर काहीतरी ठेवण्यात. चतुर्थीत नारळाच्या रसातले शिरवाळे, एरवी खापरोळ्या, घावणे, आणि कोणी अवचित आलंच तर निदान गूळ-खोबरं. डबा सुरू झाल्यापासून स्वतःच्या हाताने काही करून द्यायचं राहिलं. एकदा फोनवर म्हणाली, "घरात कोण इलो तर माका लाज वाटता." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

तुम्ही समोरच्याच घरात राहता आणि ऑर्डरचे केक करता. दर आठवड्याला एक तुकडा आणून आईला देणं तुम्हाला सहज शक्य होतं आणि तेवढंही आम्हाला खूप झालं असतं. तुम्ही ते केलं नाहीत. तुम्ही तिला मायक्रोवेव्हमध्ये मगातला चॉकलेट केक शिकवायला बसलात. मला आभार मानायचेत ते याचे.

पुढच्या वेळी घरी आलो तेव्हा पहिल्यांदा दिसली ती टिकली. मायक्रोवेव्हच्या सगळ्या बटणांवर इंग्रजी अक्षरं, आईला त्यातलं एकही वाचता येत नाही. तुम्ही 30 सेकंदांच्या बटणावर लाल टिकली चिकटवली होती आणि सांगितलं होतं, टिकली तीनदा दाबायची. इतकंच. बाकीच्या बटणांकडे बघायचंही नाही. टिकली निघाली तर पाकिटातली दुसरी लावायची, ती आईकडे असतेच. दुसरी गोष्ट दिसली ती ओट्यावर, घडी करून ठेवलेलं ओलं फडकं. केकचा मग त्या फडक्यावर ठेवला की ढवळताना सरकत नाही आणि हात थरथरला तरी कलंडत नाही. डाव्या हाताने कान धरायचा, उजव्या हातात काटा. चमच्यापेक्षा काट्याने तळाच्या कडेला अडकलेला मैदा चांगला सुटतो, हेही तुम्हीच दाखवलंत. मी तिच्या शेजारी उभा राहून बघत होतो. तिने कडेकडेने काटा फिरवला, तळ तपासला, पुन्हा फिरवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "माका जमता."

प्रमाणसुद्धा तुम्ही तिच्याच भांड्यांत बसवलंत. तिचा तो जुना पितळी चमचा साधारण 15 मिलिलिटरचा भरतो, हे तुम्ही आधी मोजून घेतलंत. त्या चमच्याने चार चमचे मैदा, दोन चमचे कोको, तीन चमचे पिठीसाखर. चहाच्या छोट्या चमच्याने पाव चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ. हे सगळं कोरडं साहित्य चाळून तुम्ही एका मगाची एक पुडी अशा पुड्या बांधून देता आणि त्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत राहतात. आईला फक्त पुडी मगात रिकामी करायची, चार चमचे दूध आणि दोन चमचे तेल घालायचं आणि ढवळायचं. मापं मोजायचं नाजूक काम तुम्ही आपल्याकडे ठेवलंत आणि करण्यातला आनंद तिच्याकडे दिलात. यामागे किती विचार आहे, हे मला हळूहळू कळत गेलं.

अंडं का नाही, हे मी तुम्हाला विचारलं होतं. आईचा सोमवार आणि श्रावण हे एक कारण होतंच. पण तुम्ही खरं कारण सांगितलंत: एवढ्याशा पिठाला अख्खं अंडं जास्त होतं, मायक्रोवेव्हमध्ये ते झटकन आवळतं आणि केक रबरासारखा चिवट होतो. दुधातेलावर केलेला मऊ राहतो. लोणी चालतं, पण ते निवलं की घट्ट होतं, तेल तसं होत नाही, म्हणून गार झालेला केकही तेलामुळे ओलसर लागतो. आता आई कधी दुधाऐवजी नारळाचा दाट रस घालते आणि तेल अर्धं करते, कारण रसात स्निग्धांश असतोच. ते तिचं तिनेच शोधलंय. वर परसातल्या जायफळाची किंचित पूड किसून टाकते. कोको आणि जायफळ एकमेकांना इतके छान धरून राहतात की आता मला जायफळाशिवायचा चॉकलेट केक अपुरा वाटतो.

आणि काजू. आमच्या मागच्या डोंगरीवरची वेंगुर्ला-4 ची कलमं बाबांनी लावलेली. आपल्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेली ती जात, गर चांगला भरतो. फोडताना तुकडा पडलेले काजू पूर्वी आमटीत जायचे, आता ते आईच्या मगात जातात. काजूगर आधी भाजलेले हवेत, कारण मगात ते शिजतात पण खरपूस होत नाहीत, ही सूचनाही तुमचीच.

वर खरपूस रंग का येत नाही, हे तुम्ही आईला ज्या तऱ्हेने समजावलंत ते मी कुठल्याच पाककृतीत वाचलेलं नाही. आई पूर्वी तवशाचं, म्हणजे काकडीचं, धोंडस करायची. तांदळाची कणी, गूळ, खोबरं आणि किसलेलं तवसं, सगळं जाड बुडाच्या टोपात, खाली चुलीचा मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे. तुम्ही तिला म्हणालात, धोंडसाला वरून निखारे असतात म्हणून वरची बाजू लाल होते, या पेटीत निखारेच नाहीत. इथे तापतं ते मुख्यतः पिठातलं पाणी, आणि पाणी असेपर्यंत उष्णता शंभर अंशांच्या फार वर चढत नाही. लाली यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणून साधा पांढरा केक मगात केला तर तो फिकट, आजारी दिसतो. चॉकलेटचा मुळात काळाच, त्याला लालीची गरज नाही. आईला हे लगेच पटलं. तिने आयुष्यभर निखाऱ्यांवर धोंडस केलंय, वरची आच आणि खालची आच हा हिशेब तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिला ठाऊक असलेल्या गोष्टीपासून तुम्ही सुरुवात केलीत. मला यंत्राचं माहितीपत्रक वाचून दाखवण्यापलीकडे काही सुचलं नसतं.

मी तिला नंतर एक गोष्ट सांगितली, ती तिला फार आवडली. या यंत्राचा शोधच खाऊमुळे लागला. 1945 च्या सुमाराला अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाचे एक अभियंता रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे सूक्ष्मलहरी तयार करणाऱ्या नळीवर, काम करत होते. त्याच्याजवळ उभं असताना खिशातला खाऊ वितळला, तो चॉकलेटचा होता असं सांगतात. त्यावरून त्यांना अन्न तापवायची कल्पना सुचली. आजही आपल्या ओट्यावरच्या पेटीत मॅग्नेट्रॉनच असतो. त्या लहरी पदार्थात दोन-तीन सेंटिमीटरच आत शिरतात, त्यापुढची उष्णता आपोआप मध्यापर्यंत पोचावी लागते.

म्हणूनच तुमचं ते "रवा जरा", म्हणजे थांबा जरा. तीनदा टिकली दाबली, 90 सेकंद झाले, घंटी वाजली की आई लगेच केक बाहेर काढायला धावायची. तुम्ही तिचा हात धरून म्हणायचात, "काकी, रवा जरा, भितर अजून शिजता हा." वरचा भाग अगदी मध्यावर किंचित ओला दिसतोय तोवरच थांबवायचं, आणि दार उघडून मग तसाच आत दोन मिनिटं ठेवायचा. आतल्या वाफेवर मध्य शिजतो. पूर्ण कोरडा दिसेपर्यंत चालू ठेवला तर निवल्यावर केक कडक होतो. तेवढ्यात मगही धरण्याइतका निवतो, आणि थरथरत्या हातांसाठी ते जास्त महत्त्वाचं होतं. शिवाय मग अर्ध्याच्या वर भरायचा नाही. "फुगान भायर येतलो" हे वाक्य आई आता स्वतः इतरांना ऐकवते.

आमचा मायक्रोवेव्ह 700 वॅटचा आहे. हे वाचून कोणी करणार असेल तर आपल्या यंत्रावरचा आकडा आधी बघावा. 900 किंवा 1000 वॅट असेल तर मिनिटभरानेच तपासावं आणि पुढे दहा-दहा सेकंद वाढवावेत. केकचा मग साधारण 300 मिलिलिटरचा, चिनी मातीचा, साधा. आईने कौतुकाने शोकेसमधला सोनेरी काठाचा कप काढला होता आणि तुम्ही तो हळूच परत ठेवलात, कारण तो सोनेरी काठ धातूचा असतो आणि ठिणग्या उडतात. स्टीलचं आणि ॲल्युमिनियमचं काहीच आत चालत नाही म्हटल्यावर आई हिरमुसली होती, तिची सगळी भांडी त्यातलीच. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या घरचा पांढरा मग आणून दिलात. तो अजून आमच्याकडेच आहे.

आपल्या हवेचा प्रश्न वेगळा. समुद्राकाठी जूनपासून मीठसुद्धा पाझरतं, तिथे बेकिंग पावडर किती टिकणार! दमट हवेत ती डब्यातच थोडी थोडी मरते आणि केक बसका होतो, दोष मात्र करणाऱ्याच्या हाताला दिला जातो. पावसाळ्यात पुड्या बांधण्याआधी तुम्ही दर वेळी चिमूटभर पावडर गरम पाण्यात टाकून बघता. फसफसली तर घ्यायची, नाहीतर नवीन डबा फोडायचा. पुड्याही थोड्याच बांधता, लागतील तशा. आणि वीज गेली तर ओलं पीठ कालवून ठेवायचं नाही, कारण दूध लागलं की पावडरचं काम लगेच सुरू होतं. दिवे आल्यावरच पुडी फोडायची. घरातल्या लहान इन्व्हर्टरवर मायक्रोवेव्ह लावायचा नाही, हेही तुम्ही बजावलंत, कारण 700 वॅटची आच द्यायला तो विजेकडून त्याहून बरीच जास्त ओढतो. एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरात या साध्या गोष्टी कोणीतरी नीट सांगाव्या लागतात.

आता चार वाजता शाळा सुटली की तुमचा धाकटा आणि खालच्या वाडीतली दोन पोरं आमच्या पडवीत दप्तरं टाकतात, हे मला फोनवर ऐकू येतं. "पोरांनू, खावन जावा," हा आईचा आवाजही येतो, पूर्वीसारखा चढा. एक मग तिघांत वाटतात. मध्यभागी चॉकलेटची वडी दाबून ठेवली की ती आत वितळते, आणि तो भाग कोणाला मिळायचा यावर भांडण होतं. आई ते भांडण मिटवते, तेही तिला हवंच असतं. डबा अजून येतो, गॅस अजून बंद आहे, हातही तसेच आहेत. पण घरी आलेल्याला द्यायला तिच्याकडे स्वतःचं काहीतरी आहे. परवा डबा देणाऱ्या ताईंनाही तिने बसवून खाऊ घातलं आणि मला लगेच फोन करून सांगितलं.

वहिनी, तुमचं स्वतःचं घर, ऑर्डरी, सासऱ्यांचं पथ्य, मुलांचा अभ्यास, हे सगळं सांभाळून तुम्ही हे केलंत. कोणी सांगितलं नव्हतं. आईचे हात थांबले म्हणून ती संपली असं तुम्ही एकदाही वागला नाहीत, तिच्या थरथरत्या हातात काटा देऊन शेजारी उभ्या राहिलात. मी मुलगा असून इतक्या लांबून जे करू शकलो नसतो ते तुम्ही उंबरठा ओलांडून केलंत. तुमचे उपकार मी मानतो आणि ते मला सगळ्यांसमोर सांगायचे होते.

चतुर्थीला तुतारी एक्सप्रेसने येतोय, कुडाळला उतरून दुपारपर्यंत घरी पोचेन. येताना कोकोचे दोन डबे आणि बेकिंग पावडर आणतो. आईने बजावलंय की कोको बिनसाखरेचाच हवा, पिण्याचं गोड चॉकलेट उचलून आणू नको. या वेळी पुड्यांचं सामान माझ्याकडून, तुम्ही पैसे घालायचे नाहीत. तुम्हाला ऑर्डरीसाठी इथून साचे किंवा आणखी काही हवं असेल तर निघण्याआधी कळवा, दादरहून घेऊन येतो.

तुमचा,
समोरच्या घरातला भावजी