शॉकअप दोन दिले, पण ते लावून कोण देणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळा उघडल्या की आपल्याकडे सायकलच्या दुकानात गर्दी होतेच, त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांचा ५ टक्के झाला, म्हणून ज्यांनी घ्यायचं लांबवलं होतं तेही आता घ्यायला निघालेत. आणि दुकानात गेलं की पोराची नजर सरळ डबल शॉकअपच्या सायकलवर जाते. माझ्या मावसभावाच्या मुलाचंही तेच झालं, पोरगा आठवीत आहे, दहा-बारा हजाराची सायकल आली, पुढे शॉकअप, मागे सीटखाली लाल रंगाची जाड स्प्रिंग, सगळी गल्ली बघायला जमली. आठ दिवसांनी बाप म्हणतो, पोरगा अडावदवरून उनपदेवला जाताना चढावर उतरून ढकलत होता, अंगात दमच नाही याच्या, जरा खायला-प्यायला घाला. मला ते फार लागलं. कारण दम पोरात कमी नव्हता. सायकल केळीच्या काट्यावर चढवली तर १९ किलो भरली, आणि पोरगा स्वतः ३८ किलोचा आहे, म्हणजे त्याच्या वजनाच्या निम्मं लोखंड तो चढावर ओढत होता, वरून प्रत्येक पायडलला सीट खाली-वर होत होती ते वेगळंच. पायातला जोर चाकात जायच्या ऐवजी स्प्रिंग दाबण्यात चालला होता.

मी चोपड्याला राहतो, बेअरिंग आणि ऑइल सीलचं दुकान आहे, आणि गेली सहा वर्षं फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे खरे शॉकअप असलेली, माउंटन बाइक चालवतो. म्हणून हे पत्र, कारण या विषयावर आपल्या भागात कोणी सांगणारं नाहीये आणि लोक पैसे घालवून बसतात.

आधी एक समजून घ्या की शॉकअपमध्ये दोन कामं असतात. एक स्प्रिंगचं, दणका पोटात घ्यायचं, आणि दुसरं डॅम्परचं, तो दणका हळू परत सोडायचं. बँकेच्या दाराला वर जो क्लोजर लावलेला असतो ना, दार हळू मिटवणारा, तो बघा. त्यात नुसती स्प्रिंग असती तर दार फाडकन आपटलं असतं, आत तेल आहे आणि ते बारीक भोकातून जातं म्हणून दार सावकाश येतं. स्वस्तातल्या डबल शॉकअपच्या सायकलींमध्ये बहुतेक वेळा नुसती स्प्रिंगच असते, तेलाचा पत्ता नाही. खड्ड्यात गेली की दबते आणि तेवढ्याच जोरात सीट वर फेकते. त्यापेक्षा तेवढ्याच पैशात मागे शॉकअप नसलेली, चांगल्या ब्रेकची, हलकी सायकल घेतली तर पोरगा रोज हसत शाळेत जाईल हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. ज्यांनी आधीच घेतलीय त्यांनी मागच्या स्प्रिंगवरची चकती फिरवून थोडी आवळून बघा, स्प्रिंग त्याने कडक होत नाही पण बसल्यावर दबते कमी, झुलणं जरा आटोक्यात येतं. भावाच्या मुलाला तेवढं करून दिलं, सीटही दोन इंच वर घेतली, तेवढ्यानेच फरक पडला.

आता खऱ्या फुल सस्पेन्शनचं. ही लाखाच्या वरची वस्तू आहे, माझ्या वडिलांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाले, "भाऊ, हाई सायकल शे का फटफटी?" पण त्यांचा प्रश्न बरोबर होता, कारण फटफटीसारखंच तिचंही शॉकअप आपल्या वजनाप्रमाणे लावून घ्यावं लागतं आणि तेच कोणी करून देत नाही. मी मोठ्या शहरातल्या एका दुकानातून घेतली, त्यांनी मागच्या शॉकमध्ये (यात लोखंडी स्प्रिंगऐवजी हवाच स्प्रिंगचं काम करते) २३० पीएसआय, म्हणजे दाबाच्या मापाने २३०, हवा भरून हातात दिली, माझं वजन किती हेसुद्धा विचारलं नाही. वर्षभर तशीच चालवली. तोरणमाळच्या सातपायरी घाटातून उतरलो आणि पुढे कच्च्या वाटेला लागलो तेव्हा मनगटं आणि कंबर अशी भरून आली की मला वाटलं वय झालं आता आपलं. मग एक दिवस शॉकच्या दांडीवरची रबरी रिंग, शॉक किती दबला ते दाखवणारी, नीट पाहिली, ती कधी अर्ध्याच्या पुढे सरकलीच नव्हती. म्हणजे १३० मिलिमीटर चाल असलेली (चाक तेवढं वर-खाली होऊ शकणारी) सायकल घेऊन मी ६५ मिलिमीटरच वापरत होतो, बाकीचे पैसे नुसते लटकत होते.

याचा इलाज म्हणजे सॅग, म्हणजे आपण नुसतं बसल्यावर शॉक किती दबतो ते बरोबर लावणं. आपण नेहमी जे घेऊन चालवतो ते सगळं अंगावर घ्यायचं, पाण्याची बॅग, हेल्मेट, हत्यारं, मग भिंतीला टेकून सायकलवर बसायचं, रिंग सीलला लावायची, हळूच उतरायचं आणि रिंग किती सरकली ते मोजायचं. पूर्ण चालीच्या मागे २५ ते ३० टक्के आणि पुढे १५ ते २० टक्के आलं तर गाडी बरोबर. माझ्या शॉकची दांडी ५० मिलिमीटर चालते, ती १४ मिलिमीटर बसायला हवी होती, बसत होती फक्त ७. मी सगळं धरून ७८ किलो, हवा कमी करत करत १५५ वर आलो तेव्हा १४ आले. त्याच वाटेवर दुसऱ्या दिवशी गेलो, विश्वास ठेवा, सायकल बदलल्यासारखं वाटलं, मागचं चाक दगडावरून उडण्याऐवजी दगडाला चिकटून चाललं होतं.

हवा भरायला शॉकपंपच लागतो, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तिथे अजिबात लावायचा नाही, आतली जागा एवढीशी असते की एका फुसकाऱ्यात दाब कुठल्या कुठे जातो. आणि पंप काढताना जो फुस्स आवाज येतो तो बहुतेक नळीतल्या हवेचा असतो, शॉकमधली हवा जात नाही. पंप परत लावला की नळी भरायला शॉकमधलीच थोडी हवा जाते म्हणून काटा कमी दाखवतो, लोक त्याला लीक समजतात आणि परत परत भरतात. हवा भरताना मधे मधे शॉक दहा-बारा वेळा दाबायचा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांतली हवा बरोबरीत येते. यानंतर रिबाउंडचा लाल खटका, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत वर येतो ते ठरवणारा. सीटवर बसून फूटपाथवरून खाली उतरायचं आणि बघायचं, एकदा वर येऊन शांत झाली तर ठीक, दोन-तीनदा झुलली तर खटका हळूच्या बाजूला, आणि दाबून तशीच बसून राहिली तर उलट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहून ठेवायची. माझी ती वही आता अर्धी भरलीय.

आपल्या खान्देशात एक गोष्ट वेगळी आहे जी बाहेरच्या कोणाला सुचत नाही, ती म्हणजे ऊन. डिसेंबरात पहाटे १२ अंशाला १५० पीएसआय भरलेला शॉक मे महिन्यात ४४ अंशात तसाच ठेवला तर आत १६८ च्या आसपास होतात, हवा तीच पण तापली ना. टायरमध्ये २५ असतील तर २९ होतात. म्हणून मी उन्हाळ्याची आणि थंडीची सेटिंग वेगळी ठेवतो आणि होळी झाली की हवा परत मोजतो. दुसरं म्हणजे काटे. बाभूळ आणि सराटे यांच्यापुढे ट्यूब टिकतच नाही, ट्यूबलेस करून आत सिलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं पातळ रसायन, टाकणं हाच उपाय, पण आपल्या उन्हात ते लवकर सुकतं, मी एप्रिल-मेमध्ये महिन्या-दीड महिन्याने बघतो, नाही तर टायर उघडला की आत नुसती रबराची खपली निघते. आणि पावसात काळ्या मातीच्या गाडरस्त्यावर जाऊच नये, शंभर पावलांत चाक फ्रेममध्ये जाम होतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते, शिवाय रस्ता खराब होतो तो शेतकऱ्याचा, आपला नाही. यावल अभयारण्यातसुद्धा वन खात्याला विचारल्याशिवाय शिरू नका, वाट चांगली दिसली म्हणून ती आपली होत नाही.

पार्ट बदलण्याचं वेड हा वेगळा विषय आहे, मला तरुण पोरं येऊन विचारतात, काका १७० मिलिमीटर चालीचा फोर्क (पुढचा शॉकअप) टाकू का. नका टाकू रे बाबांनो. १३० च्या फ्रेमला १७० चा फोर्क लावला की पुढचा भाग वर येतो, हँडलचा कोन साधारण दोन अंशांनी मागे पडतो, चढावर पुढचं चाक भरकटतं, आणि फ्रेमच्या डोक्यावर ताण येतो तो वेगळा. पैसे घालायचेच तर आधी टायरमध्ये घाला, मग ब्रेकमध्ये. घाटात उतरताना १८० मिलिमीटरच्या डिस्कपेक्षा २०३ ची डिस्क कमी तापते, पण फ्रेम आणि फोर्क तेवढी घेतात का ते आधी बघा. ब्रेकमध्ये कोणतं तेल आहे तेही बघा, शिमानोला मिनरल ऑइल लागतं, स्रामच्या बऱ्याच ब्रेकना डॉट फ्लुइड, एकाचं दुसऱ्यात गेलं की आतले सील फुगून ब्रेक वाया. माझ्याच दुकानात हे विचारायला आले तर मी आधी ब्रेकवर काय लिहिलंय ते वाचायला लावतो. ब्रेकनंतर पैसे घालायचे ते दांडी खाली-वर होणाऱ्या ड्रॉपर सीटमध्ये. फोर्क-शॉक बदलणं सगळ्यात शेवटी, आणि बऱ्याचदा बदलायची गरजच नसते, आत वापराच्या ५० तासांनी तेल आणि सील बदलले तरी जुना फोर्क नव्यासारखा चालतो. आपल्याकडच्या फुफाट्यात तर ते आधीच करावं. शॉक उघडायच्या आधी हवा पूर्ण सोडायची, भरलेला शॉक उघडणं म्हणजे डोळा घालवणं, आणि नायट्रोजन भरलेला कप्पा घरी उघडूच नये.

एक नुकसान माझंही झालंय. पावसाळ्यानंतर मी सायकल एका वॉशिंग सेंटरवर नेली, त्या मुलाने प्रेशरच्या पाण्याने सगळ्या सांध्यांवर फवारा मारला, सायकल चकाचक झाली आणि दिवाळीपर्यंत मागचे सगळे सांधे कुरकुरायला लागले. ग्रीस धुऊन निघालं, बेअरिंग गंजली. बरं, बेअरिंगवर नंबर असतो, माझ्या सायकलच्या मोठ्या सांध्याचा ६९०२ निघाला, तो माझ्याच दुकानात होता. सांध्यांसाठीच्या खास बेअरिंगमध्ये पिंजरा नसतो आणि गोळ्या जास्त असतात, ती मागवेपर्यंत साधी बसवून तीन महिने चालवली. म्हणजे प्रत्येक गोष्टीसाठी पुण्या-मुंबईला धावायची गरज नाही, फक्त माहिती पाहिजे.

म्हणून आपल्या वर्तमानपत्राच्या माध्यमातून सायकल विकणाऱ्या बांधवांना माझी विनंती आहे की दुकानात एक शॉकपंप आणि एक टॉर्क पाना (बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा) ठेवा, आणि लाखाची सायकल देताना गिऱ्हाइकाचं वजन विचारून दहा मिनिटं सॅग लावून द्या. जे नुसती स्प्रिंग विकतात त्यांनी आईबापाला निदान खरं सांगावं की ही डोंगराची सायकल नाही. आणि आपल्या आयटीआयमध्ये टू-व्हीलरचा फोर्क उघडायला शिकवतातच, त्यातच सायकलचाही एक तास घेतला तर जळगाव-धुळ्याच्या पोरांना एक धंदा मिळेल, डॅम्परचं तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

चोपडा आणि आसपासच्या कोणाकडे असा शॉक असेल आणि कधी मोजला नसेल तर माझा पंप वापरायला मोकळा आहे. रविवारी सकाळी सहाला आम्ही तिघं-चौघं उनपदेवच्या रस्त्याला निघतो, ऊन चढायच्या आत परत येतो. मावसभावाचा मुलगाही येतो आता, पुढच्या रविवारी त्याला माझ्या सायकलवर बसवून बघणार आहे, तो ३८ किलोचा म्हणजे हवा बरीच कमी करावी लागेल, वहीत त्याचं एक पान आधीच काढून ठेवलंय.

आपला नियमित वाचक,
चोपडा, जि. जळगाव