कुठलं वडगाव, कुठलं सेल्युकिया

वडगाव बुद्रुक, पुणे
गुरुवार, रात्री

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

काकवी पोचली. पाच दिवसांनी का होईना, पोचली. आधी ती वडगाव शेरीला गेली. तिथल्या कुणा भल्या गृहस्थाने ‘आमची नव्हे’ म्हणून परत धाडली. मग दोन दिवस कुठल्याशा गोदामात पडून होती, आणि शेवटी डिलिव्हरीवाल्या पोराचा फोन आला, “काका, तुमचं वडगाव नक्की कुठलं?” म्हटलं, बाबा रे, ही बरणी वडगाव निंबाळकरहून निघाली, यायची होती वडगाव बुद्रुकला, आणि हिंडून आली वडगाव शेरी. तुझा काय दोष? झाकण जरा पाझरलं होतं, त्यामुळे खोक्याला मुंग्या लागल्या होत्या. माल मात्र अस्सल. वहिनींना सांग, मी दोन दिवस भाजीकडे बघितलं नाही, काकवी आणि भाकरी.

त्या मुंग्या झटकताना तुझा दिवाळीतला प्रश्न आठवला. “अरे, तो सेल्युकस, चंद्रगुप्ताला मुलगी देणारा, त्याचं पुढे झालं काय?” तेव्हा मी फराळात तोंड घालून बसलो होतो. आता उत्तर देतो, कारण ते या पार्सलसारखंच आहे. हा सेल्युकस म्हणजे अलेक्झांडरचा सरदार, त्याच्या मागून पश्चिम आशियाचा राजा झालेला.

आधी मुलीचं निकालात काढू. स्ट्रॅबो हा जुना ग्रीक भूगोलकार सांगतो ते इतकंच की दोघांत सोयरिकीचा करार झाला, सिंधूच्या पश्चिमेकडचा काही मुलूख चंद्रगुप्ताकडे आला आणि 500 हत्ती सेल्युकसकडे गेले. मुलीचं नाव कुठल्याच जुन्या लेखकाने दिलेलं नाही. हेलन-बिलन हे मागाहून चिकटवलेलं. आपल्या शाळेच्या पुस्तकात हा माणूस येतो, हरतो, मेगॅस्थेनिसला पाटलीपुत्राला पाठवतो आणि नाहीसा होतो. तिकडे जाऊन त्याने काय केलं, तर गावं वसवली. किती, तर अप्पियन नावाच्या इतिहासकाराने हिशेबच दिलाय. बापाच्या नावाने 16 अँटिओक, आईच्या नावाने 5 लाओडिकिया, स्वतःच्या नावाने 9 सेल्युकिया, आणि बायकांच्या नावाने 4. त्यांत 3 अपामिया, एक स्ट्रॅटोनिकिया. घरात कुणाला रुसायला जागा ठेवली नाही पठ्ठ्याने. (दुसरी बायको स्ट्रॅटोनिकी त्याने पुढे आपल्याच मुलाला देऊन टाकली. ते प्रकरण पत्रात लिहिण्यासारखं नाही, भेटलास की सांगेन.)

आता एकाच नावाची नऊ गावं म्हटल्यावर निरोप्यांचं काय होत असेल? म्हणून मग टायग्रिसवरचं सेल्युकिया, समुद्राकाठचं पिएरियाचं सेल्युकिया, कॅलिकॅड्नस नदीवरचं सेल्युकिया, पुलाजवळचं सेल्युकिया. म्हणजे शेरी, बुद्रुक आणि निंबाळकर तिथेही होतेच. आपलं बुद्रुक-खुर्द तरी कुठे आपलं आहे म्हणा, फारसीतलं ‘बुजुर्ग’ आणि ‘खुर्द’, थोरलं आणि धाकटं.

यातलं थोरलं म्हणजे टायग्रिसवरचं. आजच्या बगदादच्या थोडं दक्षिणेला. त्याच्या पायाभरणीची गोष्ट अप्पियननेच लिहिली आहे, आणि ती तुझ्यासारख्या पंचांग बघितल्याशिवाय विहिरीच्या खणतीचं कामही न काढणाऱ्या माणसाने वाचायलाच हवी. सेल्युकसने तिथल्या मगी लोकांना, म्हणजे ज्योतिष जाणणाऱ्या पुरोहितांना, मुहूर्त विचारला. त्यांना हे शहर नकोच होतं, एवढं मोठं राजाचं ठाणं आपल्या डोक्यावर कशाला? म्हणून त्यांनी मुद्दाम खोटी वेळ सांगितली. राजा तंबूत बसून त्या वेळेची वाट बघतोय, सैनिक कुदळी-फावडी घेऊन बाहेर थांबलेत. आणि खरी शुभ घटका आली तेव्हा, कुणी हुकूम दिल्यासारखे, सगळे सैनिक एकदम उठून कामाला भिडले. अडवणारे अडवत होते, तरी थांबेनात. राजाच्या पोटात गोळा आला, मुहूर्त चुकला! तेव्हा मगींनी अभय मागून खरं काय ते कबूल केलं आणि म्हणाले, जे नशिबात आहे ते आम्हालाही फिरवता येत नाही. माझं मत विचारशील तर गोष्ट सेल्युकसच्या माणसांनीच नंतर रचली असणार. पण ज्याने रचली त्याला ज्योतिषी बरोब्बर ठाऊक होते.

शहर मात्र वाढलं. प्लिनी हा रोमन लेखक 6,00,000 वस्ती सांगतो, आणि त्याचा आकार पंख पसरलेल्या गरुडासारखा होता म्हणतो. जवळची जुनी बाबिलोन नगरी या शहराने रिकामी करत आणली. 1927 पासून मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी दहा वर्षं तिथे खणलं, 1964 पासून इटलीतल्या तोरिनोच्या लोकांनी. त्या इटालियनांना एक दप्तरखाना सापडला, आणि मला खरं सांगायचंय ते त्याबद्दल. दस्तऐवज गुंडाळून दोरीने बांधायचा, दोरीवर ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्यावर शिक्का उठवायचा अशी तिथली पद्धत. पुढे त्या इमारतीला आग लागली. दस्तऐवज जळून खाक झाले, पण माती भाजून पक्की झाली. असे 25,000 हून जास्त गोळे निघाले. कित्येकांवर मीठकराचे शिक्के आहेत. कर कसला, तर मिठाचा, गाव कुठलं, तर सेल्युकिया, साल अमुक, आणि शेरा ‘भरला’. काहींवर ‘माफ’. चिमटीत धरावा एवढ्याशा गोळ्यात तलाठ्याचा अख्खा दाखला! दोरीचा वळ आतल्या बाजूला अजून उमटलेला आहे. मी फोटो मोठा करून करून बघत होतो. चाळीस वर्षं महसुलात शिक्के मारले, पण आपलं एक बाड तरी असं टिकेल का, सांगता येत नाही. आमच्याकडे आग लागायच्या आधी वाळवी लागते.

आणि ते साल बघ. आधी नवा राजा गादीवर बसला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू व्हायची. सेल्युकसची मोजणी इ.स.पू. 312 पासून धरली, आणि त्याच्या पोराने ती मोडली नाही, पुढे चालू ठेवली. तोच शक पुढे शेकडो वर्षं चालला. येमेनमधले यहुदी लोक तर दस्तऐवजांवर तोच घालत, राज्य जाऊन युगं लोटली तरी.

आता नवरा-बायकोचं. पहिली बायको अपामा, मध्य आशियातली, स्पितामेनेस नावाच्या सरदाराची लेक. अलेक्झांडरने इ.स.पू. 324 मध्ये सुसाला आपल्या सरदारांची तिकडच्या घराण्यांतल्या मुलींशी सामुदायिक लग्नं लावली, त्यातलं हे एक. युफ्रेटिस नदीच्या एका काठाला सेल्युकसने आपल्या नावाचं सेल्युकिया वसवलं आणि बरोब्बर समोरच्या काठाला तिच्या नावाचं अपामिया. मध्ये पूल. त्या पुलावरून जागेलाच पुढे ‘झ्युग्मा’ म्हणू लागले, म्हणजे जोड. हा शब्द आणि आपला संस्कृतातला ‘युग्म’ एकाच मुळाचे आहेत, बैलाच्या मानेवरचं ‘जू’सुद्धा त्याच घरचं. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं तर ही म्हणाली, “म्हणजे नदी मध्ये ठेवली म्हणून टिकलं.” 2000 साली तुर्कस्तानने तिथे बिरेजिक धरण भरलं. बायकोचा काठ अख्खा पाण्याखाली गेला, नवऱ्याच्याही काठाचा मोठा भाग. तिथल्या फरशीचित्रांपैकी काढता आली ती गाझियान्तेपच्या संग्रहालयात नेली आहेत.

सीरियातलं दुसरं अपामिया, ओरोन्टिस नदीवरचं. तिथे सेल्युकसने आपले हत्ती बांधले होते, 500, शिवाय 30,000 घोड्या, असं स्ट्रॅबो लिहितो. त्या हत्तींचं मूळ म्हणजे तोच चंद्रगुप्ताचा करार. इ.स.पू. 301 मध्ये इप्ससच्या लढाईत आपल्या हत्तींनी त्याला जिंकून दिलं. ते हत्ती सीरियातल्या माळावर ओला चारा खात उभे आहेत आणि माहूत कुठल्याशा प्राकृतात त्यांना शिव्या घालतोय, हे चित्र काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. (शिव्या माझ्या पदरच्या.)

नावांचं म्हणशील, तर बापाचं अजून आहे. अँटिओकचं अंताक्या झालं. 2023 च्या फेब्रुवारीतल्या भूकंपात जे उद्ध्वस्त झालं तेच. आईचं लाओडिकिया म्हणजे सीरियाचं लताकिया बंदर, आणि पाइपमध्ये भरतात त्या लताकिया तंबाखूचं नाव त्यावरूनच. आईचं नाव तंबाखूला! तू चंची उघडशील तेव्हा आठव. त्याच्या स्वतःच्या नऊ गावांपैकी कॅलिकॅड्नसकाठचं तेवढं सिलिफ्के म्हणून नाव सांभाळून आहे. तिथल्याच नदीत 1190 साली धर्मयुद्धाला निघालेला जर्मन सम्राट बार्बारोसा बुडून मेला.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर. इ.स.पू. 281 मध्ये, सत्तरी उलटल्यावर, तो मायदेशी मॅसेडोनियाकडे निघाला होता. जाताना समुद्र ओलांडून युरोपात पाय ठेवला तोच, ज्या इजिप्तच्या राजपुत्राला त्याने आसरा दिला होता त्यानेच त्याला भोसकलं. पोराने अस्थी आणून पुरल्या त्या समुद्राकाठच्या सेल्युकियात. टायग्रिसवरच्या नव्हे. इथे मी आधी स्वतःच फसलो होतो, दोन दिवस चुकीच्या सेल्युकियात त्याची समाधी शोधत बसलो.

तेव्हा पुढच्या खेपेला खोक्यावर ‘बुद्रुक’ ठळक लिही, पिनकोडखाली दोन रेघा ओढ, आणि झाकणाला मेणकापड बांधायला सांग. ऊस तुटायला अजून आहे ना? मी संक्रांतीनंतर येतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
वसंता