आबा, नोकरीची काळजी करू नका

ऑर्हूस, डेन्मार्क

ति. आबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. जेवणखाण, थंडी, खोली सगळं फोनवर होतंच, पुन्हा लिहीत नाही. परवा आबा म्हणाले, "तिकडं म्हणे बोलवून घेतात आणि काढून टाकतात. असल्या नोकरीचा काय भरवसा?" तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आबा, काढतात हे खरं आहे. आमच्या कंपनीतल्या पन्नाशीच्या एका फिटरला नोटीस मिळाली. दुपारी तो रोजच्यासारखा काळ्या पावावर मासा ठेवून खात बसला आणि वेल्डिंगच्या कोर्सची चौकशी केली म्हणून सांगू लागला. माझ्याच घशाखाली घास उतरेना.

त्याच्या निवांतपणाचं कारण मला फार दिवसांनी कळलं. इथली माणसं दरमहा बेकारी विम्याच्या फंडात पैसे भरतात. सक्ती नाही, तरी बहुतेक जण भरतात, वर युनियनची वर्गणी वेगळी. वर्षभर सभासद असलं आणि ठरलेली कमाई झाली असली, की नोकरी गेल्यावर आधीच्या पगाराच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, साधारण दोन वर्षं. वरची मर्यादा ठरलेली, त्यामुळे मोठ्या पगारवाल्याला तेवढी भरपाई होत नाही. आणि घरी बसून नाही हं मिळत. अर्ज करत राहायचे, रोजगार केंद्रात हजेरी लावायची, शिकायला पाठवलं तर जायचं. आई, तुला नवल वाटेल, इथं किमान वेतनाचा कायदाच नाही! मालकांच्या आणि कामगारांच्या संघटना समोरासमोर बसून दर ठरवतात. 1899 साली मोठी टाळेबंदी झाली, तिच्या शेवटी करार झाला. काम कसं चालवायचं तो हक्क मालकाचा, संघटना करायचा हक्क कामगाराचा, असं दोघांनी कबूल केलं. तीच रीत आजही चालते. म्हणून झाडलोट करणाऱ्या बाईच्या आणि माझ्या पगारात आपल्याकडच्यासारखी दरी नाही.

पुढं गरज सरली तर काढता येतं, म्हणून तेजी आली की मालक माणसं घ्यायला कचरत नाही, आणि फंडाचा आधार आहे म्हणून नवं मशीन आलं तर कामगार त्याला वैरी समजत नाही. हे बघताना मला सारखी शिरोलीची तुमची फाउंड्री आठवते. आपल्याकडे 100 कामगारांच्या वरच्या कारखान्याला कपातीसाठी सरकारची परवानगी लागायची, नव्या कायद्यात तो आकडा 300 झालाय. पण हे सगळं कायमवाल्यांसाठी. तुमचे 240 दिवस भरत आले की कायम करायला लागू नये म्हणून कामात ब्रेक. मोल्डिंगवर हात इतका बसलेला, तरी नाव कंत्राटदाराच्या वहीत. थोड्या महिन्यांनी जाणार म्हटल्यावर तुम्हाला नवीन काम कोण शिकवणार? त्यात तुमचं नुकसान झालं, आबा, आणि त्या फाउंड्रीचंही झालं. मला याचा अजून राग येतो.

इथं सगळं चांगलंच आहे असं नाही. कर भरपूर कापतात, बाहेरून आलेल्यांना जम बसवायला वेळ लागतो. माझा राहण्याचा परवाना नोकरीवर आहे, हे लपवत नाही. पण मी फंडाची सभासद झालेय आणि युनियनचीही. तेव्हा रात्री जागू नका.

पतसंस्थेचा हप्ता या महिन्यात जास्त पाठवलाय, उरतील ते बाबूच्या लग्नाच्या हॉलला द्या. आई, आहेराच्या साड्या गुजरीजवळच्या आपल्या नेहमीच्या दुकानातूनच घे, पैशाकडे बघू नकोस. लग्नाला दहा दिवसांची रजा मिळेल असं वाटतं. हळदीला पोचणार नाही, अक्षता टाकायला नक्की येते. एकुलती बहीण असून हळदीला नाही म्हणून मावशी बोलतील, त्यांना माझ्या वतीनं तूच समजाव. गडहिंग्लजच्या स्थळाला अजून हो म्हणू नका. मुलगा वाईट आहे असं नाही, पण त्याच्या घरच्यांनी मी नोकरी सोडून यावं असं गृहीत धरलंय. आल्यावर मी स्वतः त्यांच्याशी बोलेन. आबा, गुडघ्याचा एक्सरे काढलात का? बाबूला रिपोर्टचा फोटो पाठवायला सांगा.

तुमची,
शीतल